डीजेचा मिक्स आणि अमानतीचा प्रश्न

शिरूर आणि दौंड तालुक्यांत लग्नसराई लागली की कुणा ना कुणा माजी विद्यार्थ्याचा फोन येतो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गातून गेलेली काही मुलं रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला लागली, काही टेम्पो चालवतात आणि काही साउंडच्या धंद्यात आहेत. त्यातलं कोणी दुसऱ्याच्या गाडीवर ऑपरेटर आहे, तर कोणी हप्त्यावर कंट्रोलर घेऊन स्वतःचं नाव लावलं आहे. शाळेत मुलांची कवितावाचनं मी कम्प्युटरवर रेकॉर्ड करतो, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो: “सर, मिक्स रेकॉर्ड करायचाय. कोणतं सॉफ्टवेअर टाकू?”

माझं उत्तर आधीच सांगतो. मिक्स वाजवून त्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा असेल तर ‘मिक्स्क्स’ घ्या. आवाज बाहेरच्या मिक्सरवरून तारेने आणायचा असेल तर ‘ऑडॅसिटी’ घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही कायदेशीर आहेत. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, एमपी थ्री फक्त वाटण्यासाठी काढा. आणि कोणी दोनशे-तीनशे रुपयांत महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. उत्तर एवढंच आहे. पण त्यामागची कारणं फोनवर सांगून होत नाहीत, म्हणून हा लेख.

काही वाचकांना वाटेल की मुस्लिम शिक्षकाने डीजेवर लिहायचं तर त्याच्या विरोधात लिहावं. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांना माझाही विरोधच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि आपल्या गावांतल्या मिरवणुका ती कशी ओलांडतात हे सगळे ऐकतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादच्या मिरवणुकांतल्या डीजेचा विषय मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा गणेशोत्सवात हा आवाज घातक असेल तर ईदलाही तो घातकच आहे, असं न्यायालयाने सुनावलं. मला त्यात वावगं काही दिसत नाही. पण रस्त्यावरचा दणदणाट हा एक विषय आहे आणि त्या मुलाने रात्र रात्र जागून बसवलेला मिक्स हा दुसरा. दोन गाण्यांची लय जुळवणं, एकाचा ठेका उतरत असताना दुसऱ्याचा चढवणं, समोरच्या मंडळींचा मूड ओळखून पुढचं गाणं निवडणं, याला कान लागतो आणि रियाज लागतो. सनई-ताशा, बँड, बॅन्जो आणि आता डीजे, अशी ही साखळी आहे. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाचा नातू आज कंट्रोलरवर बसतो. त्याच्या कामाची नोंद नीट राहावी, एवढंच मी इथे मागतो आहे.

अडचण नेमकी कुठे सुरू होते ते पाहू. मुलगा कंट्रोलर विकत घेतो. त्याच्यासोबत सॉफ्टवेअरची हलकी आवृत्ती मिळते. ‘सेराटो डीजे लाइट’चं उदाहरण घ्या. गाणी मिसळायला ती पुरेशी आहे, पण रेकॉर्डिंगची सोय तिच्यात नाही. ती हवी असेल तर पैसे भरून ‘प्रो’ आवृत्ती घ्यावी लागते. कंट्रोलरचे हप्ते चालू असलेल्या मुलाला हा खर्च झेपत नाही. मग कोणीतरी मोबाईलच्या दुकानातला ओळखीचा निघतो आणि पेन ड्राइव्हवर सगळं ‘फुल व्हर्जन’ आणून देतो. टाकण्याआधी तो अँटिव्हायरस बंद करायला सांगतो आणि नंतर नेट जोडू नको, अपडेट करू नको असंही बजावतो.

या दोन सूचनांवरूनच माणसाने सावध व्हायला हवं. घराची कडी काढून ठेव आणि कुणाला हाक मारू नकोस, असं सांगणारा पाहुणा आपण घरात घेऊ का? अँटिव्हायरस बंद करून टाकलेल्या फाइलमध्ये काय दडलं आहे, हे ना देणाऱ्याला माहीत असतं ना घेणाऱ्याला. त्याच लॅपटॉपवर मुलाचं बँक खातं असतं, गिऱ्हाइकांचे नंबर असतात, लग्नांचे फोटो असतात. अपडेट बंद म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक कधीच दुरुस्त होणार नाही, आणि भर कार्यक्रमात ते बंद पडलं तर दाद मागायला जागा नाही.

कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना ती कम्प्युटरवर वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. पण आपली मुलं तर सुपारी घेऊन वाजवतात, म्हणजे ती सवलतही त्यांना लागू होत नाही. “सर, सगळेच वापरतात,” हे मला नेहमी ऐकवलं जातं. सगळेच वापरतात हे खरं असेल, पण पोलीस ठाण्यात ते उत्तर चालत नाही. आणि ज्या कमाईतून आपण आईच्या औषधाचे पैसे देतो, ती दुसऱ्याची मेहनत न विचारता घेऊन उभी राहू नये, हे मी वर्गात शिकवतो, तर वर्गाबाहेरही म्हणायला हवं. मोफत आणि हक्काची वाट समोर असताना तर चोरीची गरजच उरत नाही.

आता निवड कशी करावी ते पाहू. मी मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. लोकांनी जे ऐकलं ते सगळं यात उतरतं का? हे सॉफ्टवेअर उद्या नसलं तरी फाइल उघडेल का? आणि मध्येच लाईट गेली तर हातात काय राहील?

पहिला प्रश्न सगळ्यात दुर्लक्षित आहे. डीजे सॉफ्टवेअरमधलं रेकॉर्डिंगचं बटण फक्त सॉफ्टवेअरच्या आतून जाणारा आवाज पकडतं. अनेक स्वस्त कंट्रोलरांमध्ये माइकचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये जातच नाही. तो कंट्रोलरच्या आतच गाण्यात मिसळतो आणि थेट स्पीकरकडे जातो. परिणाम असा की रेकॉर्डिंगमध्ये गाणी सगळी येतात, पण निवेदक गायब असतो. आपल्याकडच्या कार्यक्रमात निम्मी जान निवेदकाची असते. नवरदेवाच्या मामांचं नाव पुकारणं, आजोबांना स्टेजवर बोलावणं, मध्येच म्हटलेला एखादा शेर, कुणाच्या तरी आग्रहाने धरलेली कव्वालीची एक ओळ, हे सगळं माइकवरून येतं. वीस वर्षांनी ते कुटुंब रेकॉर्डिंग लावेल तेव्हा गाणी त्यांना कुठेही मिळतील. मामांचं नाव मात्र या एकाच फाइलमध्ये असणार होतं.

म्हणून माझी शिफारस अशी. कंट्रोलर आणि माइक दोन्ही जिथे एकत्र येतात त्या मिक्सरच्या ‘रेक आउट’मधून दोन तारा काढा, त्या यूएसबीच्या छोट्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घाला आणि तिथून दुसऱ्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटीने रेकॉर्ड करा. रेक आउटचा फायदा असा की बहुतेक मिक्सरांवर मास्टरचं बटण वर-खाली केलं तरी रेकॉर्डिंगच्या पातळीवर परिणाम होत नाही. ऑपरेटरने गर्दी पाहून आवाज वाढवला, कुणी तक्रार केली म्हणून कमी केला, तरी फाइल तशीच राहते. लॅपटॉपच्या बाजूच्या हेडफोनच्या छिद्रात थेट तार खुपसू नका. बहुतेक लॅपटॉपांवर ते छिद्र माइकसाठी असतं. तिथे मिक्सरचा जोराचा आवाज फाटतो आणि दोन बाजूंचा आवाज एकच होऊन बसतो.

मोबाईल स्पीकरसमोर धरून केलेलं रेकॉर्डिंग मी धरतच नाही. मोबाईलचा माइक जवळून बोललेल्या शब्दांसाठी बनलेला असतो. बेसच्या धक्क्याने तो गुदमरतो आणि ऐकू येते ती नुसती घरघर.

दुसरा प्रश्न उद्याचा. इथे मी माझ्या विषयातलं उदाहरण देतो, कारण भाषेच्या माणसांनी हे फार जवळून पाहिलं आहे. १९९४ साली ‘इनपेज’ आलं आणि उर्दूची छपाई बदलून गेली. कातिबाच्या हातची नस्तालिक कम्प्युटरवर उतरली. उर्दू वर्तमानपत्रांवर आणि प्रकाशकांवर त्याचं मोठं ऋण आहे. पण त्याच्या जुन्या फाइली दुसऱ्या साध्या प्रोग्राममध्ये उघडल्या तर अक्षरं दिसत नाहीत. त्या युनिकोडमध्ये आणायला वेगळं कन्व्हर्टर लागतं आणि आणल्यावरही तपासणी करावी लागते. मराठीतही तेच घडलं. युनिकोड रुळण्याआधी ज्या त्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेख, प्रश्नपत्रिका, स्मरणिका आज तो फॉन्ट नसलेल्या कम्प्युटरवर उघडल्या की चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर तिथेच असतो, पण वाचता येत नाही. काम उत्तम होतं, फक्त त्याची किल्ली एकाच दुकानात राहिली.

आवाजाचंही असंच आहे. प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरची स्वतःची ‘प्रोजेक्ट फाइल’ असते. ‘एफएल स्टुडिओ’ची चाचणी आवृत्ती प्रोजेक्ट सेव्ह करू देते, पण बंद करून पुन्हा उघडायचं म्हटलं की परवाना विकत घ्यावा लागतो. ऑडॅसिटीचीसुद्धा स्वतःची फाइल आहे, आवृत्ती ३ पासून तिला एयूपी थ्री म्हणतात. ती फक्त काम चालू असताना ठेवायची. काम झालं की बाहेर काढायची ती वेव्ह किंवा फ्लॅक.

वेव्ह हा प्रकार मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ मध्ये आणला. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी तो जवळपास प्रत्येक कम्प्युटरवर उघडतो, कारण त्यात गुपित काही नाही. फ्लॅक २००१ चा. तो खुला आहे, आवाजाचा एक कणही टाकून न देता फाइल आखडतो आणि गाण्यांच्या बाबतीत वेव्हच्या सुमारे निम्म्या-साठ टक्क्यांवर आणतो. एमपी थ्री मात्र फाइल लहान करण्यासाठी आवाजातला काही भाग कायमचा काढून टाकते. एकदा काढलेला तो परत येत नाही, आणि एमपी थ्रीवरून पुन्हा एमपी थ्री केली की आणखी काही जातो. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं.

आकार किती होतो ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. सीडीच्या दर्जाची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे ६३५ एमबी होते. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवलं तर तासाला एक जीबीच्या किंचित वर. ३२० केबीपीएसची एमपी थ्री तासाला १४४ एमबी. पाच तासांचा कार्यक्रम सीडीच्या दर्जात रेकॉर्ड केला तरी सव्वातीन जीबीच्या आत बसतो. तेवढी जागा आज कुणाच्याही मोबाईलमध्ये असते. फक्त एक ध्यानात ठेवा. साधी वेव्ह फाइल ४ जीबीपलीकडे जात नाही, आणि जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या, म्हणजे फॅट ३२ च्या, पेन ड्राइव्हवरही एका फाइलला तीच मर्यादा आहे. म्हणून मोठा कार्यक्रम तासा-तासाच्या तुकड्यांत ठेवावा, आणि रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर न करता लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर करावं.

तिसरा प्रश्न लाईटचा. आपल्या भागात तो कुणाला समजावून सांगायला नको. जनरेटरवर कार्यक्रम चालू आहे, डिझेल संपलं, दोन मिनिटं अंधार. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर रेकॉर्डिंग चालू राहतं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, तिथे सगळं थांबतं. ऑडॅसिटी रेकॉर्डिंग करता करता डिस्कवर लिहीत जाते आणि पुन्हा सुरू केल्यावर अर्धवट राहिलेलं काम परत मिळवून देण्याबद्दल विचारते. मिक्स्क्समध्ये ठरावीक आकाराला किंवा वेळेला फाइल आपोआप तोडून नवी सुरू करण्याची सोय आहे, त्यामुळे गेला तर शेवटचा तुकडा जातो, सगळी रात्र जात नाही. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, कार्यक्रमाआधी घरी पाच मिनिटं रेकॉर्ड करून मुद्दाम प्लग ओढून पाहा. काय उरतं ते तिथेच कळेल.

या तीन प्रश्नांवर मोफत सॉफ्टवेअर उतरतं का? उतरतं. “फुकटचं म्हणजे हलकं असणार,” असं मुलं म्हणतात. ऑडॅसिटीचं काम १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि २००० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मिक्स्क्स २००१ च्या सुमारास डेन्मार्कमधल्या एका संशोधकाच्या प्रबंधाच्या कामातून निघालं आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ते वाढवलं. वेव्ह, फ्लॅक, एमपी थ्री या सगळ्यांत ते रेकॉर्ड करतं, आणि कोणतं गाणं किती मिनिटाला लागलं याची नोंद असलेली छोटी क्यू फाइलही सोबत बनवून देतं. बाजारातले अनेक कंट्रोलर त्याला जोडता येतात. ऑडॅसिटीची मालकी २०२१ मध्ये एका कंपनीकडे गेली, तेव्हा तिच्या खाजगी माहितीच्या धोरणावर बरीच टीका झाली आणि कंपनीला मजकुरात बदल करावा लागला. कोड उघडा होता, म्हणून लोकांना तपासता आलं आणि बोलता आलं. पेन ड्राइव्हवरून आलेल्या क्रॅकच्या आत कुणी डोकावून पाहिलं आहे?

पैसे देणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. सेराटो प्रो किंवा ट्रॅक्टरचा परवाना ज्याने घेतला आहे त्याने त्यातलंच बटण दाबावं, फक्त माइक त्यात येतो का हे तपासावं. ‘व्हर्च्युअल डीजे’ घरगुती वापराला मोफत आहे, पण सुपारी घेऊन वाजवायचं असेल तर त्याचा परवाना लागतो, हे बरीच मुलं वाचतच नाहीत. ज्याला रेकॉर्डिंगवर पुढे बारीक काम करायचं आहे, त्याच्यासाठी ‘रीपर’ आहे. ते ६० दिवस वापरून पाहता येतं आणि लहान धंद्यासाठी सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो. ज्यांचं लग्नसराईत बरं चालतं, त्यांनी एका सीझनच्या कमाईतून हे हक्काचं घ्यावं. आणखी एक गोष्ट. ऑनलाइन सेवेवरून थेट ओढलेली गाणी वाजवली तर सेराटोसारखी सॉफ्टवेअरं रेकॉर्डिंग बंदच ठेवतात. ती बिघाडाची खूण नाही, गाण्याच्या मालकांशी झालेला तो करार आहे.

गाण्याच्या मालकांचा विषय निघालाच आहे. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये सूट आहे. ही सूट वाजवण्याची आहे. तोच मिक्स रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवण्याला ती पांघरूण घालत नाही. तिथे गाणं आपोआप ओळखलं जातं आणि व्हिडिओवर दावा लागतो. मग मुलगा म्हणतो, “सर, माझा मिक्स काढून टाकला.” मिक्स तुझा, गाणी दुसऱ्याची. गिऱ्हाइकाला घरी ऐकायला फाइल देणं आणि जगासमोर मांडणं यात हा फरक आहे, तो समजून चालावं.

आणि फाइलमध्ये गाण्यांशिवाय जे आहे ते तर आणखी नाजूक. हळदीत, मेहंदीत बायका आपसात गातात, थट्टा करतात, एकमेकींची नावं घेतात. तो आवाज त्या घराचा आहे. डीजेच्या लॅपटॉपवर तो राहतो म्हणून डीजेचा होत नाही. शिंप्याकडे मापाला दिलेला कपडा जसा अमानत असतो, तशीच ही फाइल अमानत आहे. सुपारी घेतानाच विचारावं: रेकॉर्ड करू का, किती दिवस ठेवू, कुणाला देऊ? घरातल्या वडीलधाऱ्यांनी नको म्हटलं तर नको. ‘पाहा आमचं काम’ म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायचा तुकडा असेल, तर ज्यांचा आवाज त्यात आहे त्यांची परवानगी आधी. हे पाळणाऱ्या मुलाला पुढची सुपारी त्याच मोहल्ल्यातून मिळते.

रेकॉर्डिंग शिकल्याने आणखी एक गोष्ट घडते, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. कम्प्युटरमध्ये आवाजाला शून्याचं छत आहे. त्याच्या वर गेलेला आवाज वाढत नाही, कापला जातो. लाटेची टोकं सपाट होतात आणि गाणं फाटतं. म्हणून सर्वांत मोठा ठोकासुद्धा उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील इतकी जागा मोकळी ठेवावी लागते. जो मुलगा रात्री घरी हेडफोनवर आपलंच रेकॉर्डिंग ऐकतो, त्याला पहिल्यांदा कळतं की स्पीकरसमोर जे ‘जबरदस्त’ वाटलं होतं ते फाटलेलं होतं. आवाज कमी ठेवूनही ठेका छातीत लागतो, शब्द स्वच्छ कळतात. न्यायालयाने, पोलिसांनी, मौलानांनी, आणि माझ्यासारख्या मास्तरांनीही कितीही सांगितलं तरी जे पटत नाही, ते त्या हिरव्या-लाल पट्टीने पटलेलं मी पाहिलं आहे. दंडाच्या भीतीने कमी केलेला आवाज पोलिसांची गाडी गेली की पुन्हा वाढतो. कानाला पटून कमी केलेला तसाच राहतो.

शेवटी राखण्याचा विषय. फाइलला ‘न्यू मिक्स फायनल टू’ असं नाव देऊ नका. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग गाव आणि प्रसंग, या क्रमाने नाव दिलं की शंभर फाइली आपोआप रांगेत लागतात. एक प्रत लॅपटॉपवर आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि हार्ड डिस्क दुकानात नको, घरी ठेवा. वर्षातून एकदा उघडून पाहा.

कुणी विचारेल, लग्नातल्या डीजेचं एवढं काय जपायचं? आपल्याच भागाकडे पाहा. शिरूरहून न्हावरेमार्गे दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला गेलं की कला केंद्रं आहेत. तिथे किती आवाज गायले असतील आणि त्यांतले किती कुठे टिपले गेले असतील? आमच्याकडे उरुसात रात्रभर कव्वाली झाली, मिलादच्या मैफिली झाल्या, शाहिरांनी मैदानं गाजवली. बार्शीचे शाहीर अमर शेख, म्हणजे मेहबूब पटेल, यांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं भरत. ते १९६९ मध्ये गेले. त्या काळात ध्वनिमुद्रण म्हणजे कंपनीचा स्टुडिओ किंवा रेडिओ. ज्याला तिथे बोलावणं आलं त्याचा आवाज राहिला, बाकीच्यांचा ऐकणाऱ्यांबरोबर गेला. आज ती अडचण नाही. जुना लॅपटॉप, दोन तारा, छोटा इंटरफेस आणि मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यावर दौंडच्या एखाद्या गल्लीतल्या मुलाकडे तेव्हाच्या गावोगावच्या कलावंतांच्या वाट्याला न आलेली सोय आहे.

साउंडच्या मालकांना माझी एक विनंती आहे. तुम्ही लाखांचे टॉप आणि बेस घेता. त्यात एका इंटरफेसचे पैसे घाला आणि ऑपरेटरला दोन दुपारी शिकायला द्या. गिऱ्हाइकाला कार्यक्रमानंतर स्वच्छ रेकॉर्डिंग दिलं तर त्याचे वेगळे पैसे मागता येतात, आणि ते लोक आनंदाने देतात. ज्या मुलांना हे जमत नसेल, त्यांनी रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे यावं. मिक्स्क्स आणि ऑडॅसिटी मी टाकून देईन आणि रेक आउट कुठे असतं ते दाखवीन. फक्त येताना पेन ड्राइव्हवरचं ते ‘फुल व्हर्जन’ आधी काढून टाकून या.